डाव्या हाताचं कोरं पान

साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात आली, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. पुढच्या बाजूला गणपती, वधूवरांची नावं, मुहूर्त, आग्रहाचं निमंत्रण, सगळं रीतसर. पत्रिका उलटली, तर मागच्या बाजूला बरोबर मधोमध बारीक टायपात एकच ओळ होती : 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.'

मुलाकडची माणसं हादरली होती म्हणे. नवऱ्या मुलाचा मामा मलकापूरहून एस.टी.नं आला. यातून काही सुचवायचं आहे का, बैठकीत काही बोलायचं राहिलं का, असं त्यानं अडखळत विचारलं. साहेबांनी त्याला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "हे बघा, मागची बाजू कोरी दिसली की माणसाला वाटतं, इथं काहीतरी छापायचं राहिलं. जेवणाची वेळ राहिली असेल, कार्यालयाचा पत्ता राहिला असेल. तुम्हाला तसं वाटलं का?"

"न्हाई वाटलं," मामा म्हणाला.

"का नाही वाटलं? ओळ होती म्हणून!"

मामा चहा संपवून परत गेला. लग्न झालं. पण मांडवात निम्मे पाहुणे पत्रिका उलटून उलटून बघत होते, हे मी स्वतः पाहिलं.

तेव्हा सांगलीजवळच्या आमच्या कारखान्यात शेतीपंपाची तेलाची इंजिनं तयार व्हायची. दुष्काळ नुकताच सरला होता आणि ज्याच्या विहिरीत हातभर पाणी होतं तो इंजिन मागत होता. प्रत्येक इंजिनाबरोबर बत्तीस पानांचं एक मराठी पुस्तक जायचं : इंजिन कसं बसवावं, कसं सुरू करावं, अडलं तर काय तपासावं. हे पुस्तक काढणारं खातं म्हणजे आमचे साहेब. ते साताऱ्याकडचे, लष्कराच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगानं शिडशिडीत, चालताना हात पाठीमागं, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. कोऱ्या पानावरची ओळ चारी कडांपासून बरोबर अंतरावर आहे की नाही, हे त्या पट्टीनं मोजायचं. तोंडावर सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत. पाठीमागं सगळा कारखाना त्यांना 'मुद्दाम' म्हणायचा. "मुद्दाम आले का?" "मुद्दाम जेवायला गेलेत." साहेबांना हे ठाऊक होतं, आणि मला वाटतं, त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता.

खात्यात एक टेबल, दोन कपाटं, साहेब आणि मी. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, आणि साहेब मला हाकही तीच मारायचे. "ए बी.एस्सी., कपाटाची किल्ली आण." "बी.एस्सी.ला वेलांटी कुणी शिकवली?" पहिले काही दिवस मला राग यायचा. मग लक्षात आलं, आमच्या घरात ती पदवी मिळवणारा मी पहिलाच होतो. तिचा दिवसातून वीस वेळा उच्चार करणारा माणूस जगात हा एकटाच. मग राग गेला.

माझे वडील पाटणच्या बाजारात बैलांना पत्री मारायचे. बैल आडवा पाडून, पाय बांधून, खुराला लोखंडी पत्री ठोकायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. हेडमास्तरांनी फी माफ केली, एका शिक्षकांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तेव्हा मी शिकलो. या माणसांचं देणं माझ्यावर कायम आहे. कारखान्यात मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होतो. सहा महिने संपले की साहेब शिफारस लिहिणार आणि तिच्यावर कायम नोकरीचं पत्र निघणार. ते पत्र निघालं तर धाकटी बहीण कॉलेजात जाणार, नाही निघालं तर तिचं लग्न उरकणार, असं घरात ठरून गेलं होतं. गावी गेलो की आई आधी पत्राचं विचारायची, मग जेवणाचं.

साहेबांनी पहिल्या दिवशी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "उजवा हात वर कर."

मी केला.

"हा कोणता?"

"उजवा, साहेब."

"ठीक. पुष्कळ लोक इथंच चुकतात." मग त्यांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. "प्रकरण नेहमी उजव्या हाताच्या पानावर सुरू होणार. मागचं प्रकरण उजव्या पानावर संपलं, तर त्याच्या पाठीवरचं पान, म्हणजे डाव्या हाताचं, कोरं राहणार. ते मोजायचं, पण त्याच्यावर आकडा छापायचा नाही. आणि त्यावर आपली ओळ येणार. कोरं पान नेहमी कोणत्या हाताला?"

"डाव्या, साहेब."

"उजव्या हाताला कोरं पान दिसलं तर?"

"तर चूक आहे."

"तर गुन्हा आहे," साहेब म्हणाले.

आता पुस्तकं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडतात. तिथं पानाला पाठ नसते, डावं-उजवं नसतं, आणि तरीही मधूनच ती ओळ येते. पडद्यावर ती दिसली की आजही माझा हात आपोआप वर जायला बघतो.

या ओळीचा उगम म्हणे बर्फातल्या एका लष्करी ठाण्यावर झाला. तिथला जनरेटर बंद पडला. दुरुस्तीच्या पुस्तकात मधलं एक पान कोरं निघालं. जवानांना वाटलं, नेमकं कामाचं पान छापायचं राहिलंय. त्यांनी खाली निरोप पाठवला आणि पानाची वाट बघत तीन दिवस अंधारात बसून राहिले. खालून उत्तर आलं : त्या पानावर काहीच नव्हतं. ही गोष्ट मी साहेबांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली. जनरेटरची कधी जीप व्हायची, कधी तोफ. तीन दिवसांचे एकदा, पुण्याचे पाहुणे आले होते तेव्हा, अकरा दिवस झाले. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, तेव्हा तुम्ही त्या ठाण्यावर होता?"

"मी खाली होतो," साहेब म्हणाले. "उत्तर मीच पाठवलं."

कँटीनमध्ये जेवणाला कप्प्यांची ताटं होती. साहेब एक कप्पा रिकामा ठेवायचे आणि वाढणाऱ्या मावशी जवळ आल्या की त्याच्यावर बोट ठेवून सांगायचे, "हा मुद्दाम रिकामा आहे." मावशींनी महिनाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस भाजीचा डाव तसाच हवेत धरून त्या म्हणाल्या, "आवं साहेब, भाजी आवडत न्हाई म्हना की सरळ! आमी काय कोर्टात जातोय व्हय?" सगळं कँटीन हसलं. साहेब हसले नाहीत. "प्रश्न आवडीचा नाही," ते म्हणाले, "प्रश्न संशयाचा आहे."

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेलो. वाढता वाढता त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "लष्करात हुते तवा ह्यांची पत्रं यायची. चार वळी खुशाली आन् खाली म्हनायचं, उरलेली जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. पंधरा वर्सं मी त्या कोऱ्या जागंतच काय काय वाचून काढलं. आता रिटायर होऊन घरी आल्यावर कळलं, तितं खरंच काय नव्हतं." साहेब ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी तर लेखी कळवलं होतं."

आमची पुस्तकं सांगलीच्या पेठेतल्या एका छापखान्यात छापली जायची. मालकांना सगळे भाई म्हणत. वडिलांपासूनचा धंदा, हातानं टाईप जुळवायचा, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, आणि मागच्या खोलीत भाईंच्या घरच्या बायका पानं दुमडून टाचायच्या. भाई लग्नपत्रिका छापायचे, उरसाची पत्रकं छापायचे, आणि आमच्या साहेबांना सहन करायचे. साहेब मशीनपाशी उभे राहून ओल्या शाईवर पट्टी धरायचे, तेव्हा भाई डोळे मिटून घ्यायचे.

"साहेब," भाई एकदा म्हणाले, "मी लहानपनापासून ह्या धंद्यात हाय. लोकं छापलेलं वाचत न्हाईत. तुमी त्यास्नी न छापलेलं वाचायला लावताय."

"भाई, तुमचं काम छापायचं."

"तेच म्हंतोय मी. न छापायचं काम आमाला कशाला देताय?"

सुरुवातीला एक भानगड झाली होती. टाचणाऱ्या बायकांना एखाद्या प्रतीत कोरं पान दिसलं की त्या ती प्रत फसली म्हणून बाजूला काढायच्या. छापखान्याची ती जुनी रीत होती, आणि शहाणपणाची होती. साहेबांनी बाजूला काढलेल्या प्रतींचा ढीग पाहिला आणि असा काही आरडाओरडा केला, की समोरच्या दुकानातले शिंपी बाहेर आले. तेव्हापासून भाईंनी मागच्या खोलीत सक्त ताकीद दिली : "कोरं पान दिसलं तरी पुस्तक काढायचं न्हाई. साहेबाचा कायदा हाय." बायकांनी कायदा पाळला.

माझ्या उमेदवारीचे पंधरा दिवस उरले असताना पुस्तकाची नवी छपाई आली. पाचशे प्रती. साहेबांनी पहिली उघडली आणि खुर्चीवर बसले. ओळ नव्हती. भाईंच्या कामगारानं ओळीचा जुळवून ठेवलेला टाईप चुकून सुटा करून खणांत परत टाकला होता आणि चारही कोरी पानं कोरीच छापली गेली होती. इंजिनं ट्रकवर चढत होती, पुन्हा छापायला वेळ नव्हता. साहेबांनी तासाभरात पेठेतून रबराचा शिक्का करून आणला, शाईचं पॅड आणलं आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"कोरं पान दिसलं की शिक्का. वाचायचं नाही."

"वाचायचं नाही, साहेब?"

"वाचायला लागलास की समजायला लागतं. समजायला लागलं की हात थांबतो. ट्रक संध्याकाळी सुटणार. तुझं काम कोऱ्या पानाचं, छापलेल्याशी तुझा संबंध नाही."

मी शिक्के मारू लागलो. साहेब समोर बसून शिक्का तिरपा पडला की नाही ते पट्टीनं बघत होते. अडीच-तीनशे प्रती झाल्या असतील. एक नवा गठ्ठा उघडला आणि पहिल्याच प्रतीत नववं पान कोरं निघालं. भाईंच्या छापखान्यात मध्येच वीज गेली होती. अंधारात एका बाजूनं छापलेल्या कागदांचा एक छोटा गठ्ठा, दुसरी बाजू छापायची राहूनच, मागच्या खोलीत गेला होता. बायकांनी कायद्याप्रमाणे तो टाचला होता. त्याच कागदावरचं जोडीचं पान, चोविसावं, तेही कोरं होतं. पण तिथं सुट्या भागांची यादी असायची, तिच्याविना कुणाचं अडलं नसतं. नवव्याचं तसं नव्हतं. इंजिन कारखान्यातून वंगणाचं तेल न भरता पाठवलं जायचं. ते खुणेपर्यंत भरल्याशिवाय हँडल मारू नये, ही सूचना नवव्या पानावर होती.

हे सगळं नंतर उलगडलं. त्या क्षणी मला दोनच गोष्टी दिसल्या. आठव्या पानाची शेवटची ओळ 'इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी' इथं तुटली होती. आणि तिच्यापुढचं कोरं पान उजव्या हाताला होतं.

माझा हात थांबला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

आठवड्यापूर्वी मी पानाच्या आकड्यांवरून त्यांना काहीतरी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "बी.एस्सी.ची जीभ लांब आहे. शिफारस लिहिताना लक्षात ठेवीन." ते गमतीनं म्हणाले होते की खरं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो आणि शिक्का मारला. त्या गठ्ठ्यात तशा वीसेक प्रती होत्या. मी सगळ्यांवर मारला. एकही तिरपा पडला नाही.

आठ-दहा दिवसांनी आष्ट्याच्या विक्रेत्याकडून चिठ्ठी आली. नवीन इंजिन पहिल्याच दिवशी जाम झालं. गिऱ्हाईक म्हणतं, पुस्तकात सांगितलं तसंच केलं. सोबत पुस्तक जोडलं होतं. साहेबांनी ते उघडलं, नवव्या पानावर थांबले. मग त्यांनी उठून पाठवणीची यादी काढली. त्या गठ्ठ्यातल्या प्रती कोणत्या इंजिनांबरोबर गेल्या ते शोधलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी पहिली एस.टी."

इंजिन घेणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. आष्ट्याच्या अलीकडं त्यांचा मळा होता. विहिरीच्या कडेला नवंकोरं हिरवं इंजिन झाकून ठेवलं होतं. गुरुजींनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः बांधावर बसले. त्यांचा पुतण्या मात्र उभाच राहिला.

"आवं, मी म्हनत हुतो," पुतण्या म्हणाला, "काका, मिस्त्रीला बोलवूया. तर म्हनले, मिस्त्री कशाला, पुस्तक हाय की! आन् पुस्तक घिऊन बसले न्हवं का हितं, पोरगं परीक्षंला बसतंय तसं. एक-एक वळ वाचायची आन् मला सांगायची, हे कर, ते कर. शेजारच्या आडान्यानं तेच इंजान घेतलं. त्यानं पुस्तक बघितलं बी न्हाई. मिस्त्री आला, डबाभर तेल वतलं, हान्डेल मारलं. ऐका, ऐकू येतंय का? बोंबलतंय बघा त्याचं इंजान."

खरंच, पलीकडच्या मळ्यातून इंजिनाचा ठोका येत होता.

गुरुजी पुतण्याला म्हणाले, "अरे, पाहुण्यांना पाणी तरी विचार." मग साहेबांकडं वळून त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "तेल लागेल असं मलाही वाटलं होतं. पण पुस्तकात म्हटलं होतं, पान मुद्दाम कोरं आहे. मी म्हटलं, कंपनीला इथं काही सांगायचं नाही, म्हणजे काही करायचं नसेल. आपण आपलं डोकं कशाला चालवा? पोरांना जन्मभर हेच शिकवलं की आधी नीट वाचा. पुढच्या पानावर लिहिलं होतं, 'त्यानंतर हँडल मारावे.' मारलं."

बत्तीस पानांत इंजिन उलगडून सांगणारा माणूस, पण साहेबांच्या तोंडातून कसाबसा एक शब्द निघाला, "चुकलं." त्यांनी पुस्तक मागून घेतलं, शिक्क्यावर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि मांडीवर पुस्तक ठेवून नववं पान तोंडपाठ लिहून काढलं. पट्टी काढली नाही. अक्षर वरखाली झालं होतं.

दिवसभर आम्ही यादीतले बाकीचे मळे फिरलो. कुठं एस.टी., कुठं पायी, कुठं कुणाच्या बैलगाडीत. सगळीकडं इंजिनं ठणठणीत चालली होती, कारण एकानंही पुस्तक वाचलं नव्हतं. बहुतेकांकडं ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. एका ठिकाणी त्याला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. ते काढायला घरातली म्हातारी तयार होईना. "पूजंतलं हाय, आंघूळ करून या," ती साहेबांना म्हणाली. एकानं मात्र नववं पान शोधून काढलं होतं आणि त्याच्यावर शिक्क्याखाली आठवड्यातल्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. "लय कामाचं पान दिलंय बघा तुमी," तो साहेबांना म्हणाला. "बाकीचं पुस्तक काय कामाचं न्हाई."

चार वर्षं साहेब ते पुस्तक घासूनपुसून काढत होते. त्या एका दिवसात त्यांना कळलं, की ते वाचणारा माणूस साऱ्या यादीत एकच होता आणि त्याचंच इंजिन आपण मारलं. मला हसू यायला हवं होतं. कारखान्यात परत गेल्यावर मी ही हकिकत सांगितली, तेव्हा सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. पण आष्ट्याच्या एस.टी. स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, तेव्हा हसू आलं नाही.

साहेबांनी विचारलं, "शिक्का मारताना तुला दिसलं होतं?"

"नाही, साहेब. वाचायचं नाही असं तुम्ही सांगितलं होतं."

साहेबांनी मान हलवली. सांगलीची गाडी लागली, माणसं धावली. आम्ही बसूनच होतो.

"वाचायचं नव्हतं, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण डावं-उजवं बघायला वाचावं लागत नाही, बी.एस्सी."

मी खिशातली सुटी नाणी मोजू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मॅनेजरसाहेबांनी दोन दिवसांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते पुण्याचे, बोलायला गोड. त्यांनी शिक्क्याचं पान समोर ठेवून विचारलं, "सुभेदारसाहेब, हा शिक्का कुणी मारला?"

"खात्यानं."

"खातं म्हणजे माणूस असतो हो. नाव सांगा."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा साहेबांकडं. "हा मुलगा उमेदवारीवर आहे ना? याचं पत्र अजून निघालेलं नाही. ते काढलं नाही की प्रकरण इथंच मिटतं. विक्रेत्याला आपण कळवू, नवशिक्याची चूक होती, त्याला कमी केलं. आणि तुमच्या मुदतवाढीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. इथली मुदत या महिन्याला संपल्यावरही तुम्हाला अजून वर्षभर राहायचंय, असं दिसतंय."

मी पायाकडं बघत होतो. पत्र, बहीण, आई, सगळं त्या टेबलावर पडलेलं होतं. 'मला दिसलं होतं', एवढे तीन शब्द माझ्या तोंडात होते. मी ते गिळले.

"हुकूम माझा होता," साहेब म्हणाले. "वाचायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं वाचलं नाही. नाव लिहायचं तर माझं लिहा."

"विचार करा, साहेब."

"केला. आणखी एक. गुरुजींना नवीन इंजिन द्यावं लागेल. तेल न घालता चालवलं म्हणून तुम्ही हात झटकाल. पण काही करायचं नाही, असं कंपनीनं त्यांना लेखी दिलंय. शिक्का आहे."

मॅनेजरसाहेब हसले. "तुमचाच शिक्का तुमच्यावर उलटला म्हणायचा."

"उलटला ना," साहेब म्हणाले. "मग इंजिन द्या."

गुरुजींना नवीन इंजिन मिळालं. या वेळी बरोबर मिस्त्रीही गेला. साहेबांना मुदतवाढ मिळाली नाही. महिनाअखेरीला त्यांनी कपाटं माझ्या स्वाधीन केली आणि स्टीलची पट्टी पुसून स्वतःच्या खिशात ठेवली. निरोपाचा समारंभ झाला नाही. कँटीनच्या मावशींनी तेवढा त्यांना जास्तीचा एक लाडू वाढला, तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. जाताना त्यांनी माझ्या हातात एक बंद लिफाफा दिला. ती माझी शिफारस होती. "कार्यालयात देऊन टाक," एवढंच म्हणाले आणि हात पाठीमागं घेऊन फाटकाबाहेर गेले. त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. साताऱ्याला दोनदा गेलो, पण त्यांच्या गावच्या गाडीत बसलो नाही.

आठवड्यानं मला कायम नोकरीचं पत्र मिळालं. त्याला साहेबांच्या शिफारशीची नक्कल जोडलेली होती. ती घेऊन मी पाटणला गेलो. बाजाराचा दिवस होता. वडील एका खिलारी बैलाची पत्री संपवून हात पुसत होते. त्यांनी मला तिथंच धुळीत बसवलं आणि म्हणाले, "साहेबानं काय लिवलंय तुझ्याबद्दल, ते वाच. मराठीत सांग."

शिफारशीत इंग्रजीत तीनच वाक्यं होती. मी सांगितलं, "सदर उमेदवार सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करतो. शंका विचारत नाही. यास कायम करण्यास हरकत नसावी."

वडिलांनी ते दोनदा वाचून घेतलं. शेजारी बैलाचा मालक बसला होता, त्याला ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचायला लावलं. मग त्यांनी तो कागद अलगद घडी करून माझ्या खिशात घातला आणि वरून दोन थापट्या मारल्या.

"लय मोठा मानूस हाय रं तुझा साहेब," ते म्हणाले. "बरोब्बर वळखलं तुला."